चित्रास गती देणारे मेस्त्री : बाबूराव पेंटर

१ जानेवारी १९०८ रोजी आपल्या हुबळी शहरात एका मराठी नाटक मंडळीचा जन्म झाला. तिचे नाव ललितकलादर्श. तिचे संस्थापक केशवराव भोसले हे मूळचे कोल्हापूरचे, आणि त्या दिवशी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. पुढे ह्या मंडळीने आणि तिच्या ह्या तरुण गायक नटाने अखिल महाराष्ट्रात केवढा लौकिक संपादिला हे आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. आम्हांस आज लिहावयाचे आहे ते मात्र केशवरावांविषयी नव्हे. ते गात असत तेव्हा त्यांच्या पाठीमागे जो पडदा उभा असे, त्या पडद्याविषयी आणि तो रंगविणाऱ्या हातांविषयी लिहावे असे आमच्या मनात आहे.

हे हात होते कोल्हापूरच्या दोन भावांचे, आनंदराव आणि बाबूराव ह्यांचे. दोघे नात्याने भाऊ, धंद्याने भागीदार आणि वृत्तीने जणू जुळे. बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा, म्हणजे ते आणि केशवराव एकाच शहरातले, एकाच वर्षी जन्मलेले. बाबूरावांचे संपूर्ण नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. पुढे जगाने त्यांस बाबूराव पेंटर म्हणून ओळखले आणि हेच नाव त्यांस कायमचे चिकटले.

मेस्त्री ह्या आडनावापाशी आम्ही थोडे थांबतो. आमच्या घरची भाषा कोंकणी. आमच्याकडे सुतारास ‘मेस्त’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ गुरू, उस्ताद असा होतो. मराठीतला मिस्त्री हाही त्याच कुळातला. घराचे दार बसविणारा तो मिस्त्री आणि शाळेत शिकविणारा तो गुरू अशी वाटणी आपण पुढे करून ठेवली. शब्दास ती ठाऊक नव्हती. बाबूरावांच्या घरातही ती नव्हती. त्यांचे वडील कृष्णराव हे सुतारकाम आणि लोहारकाम करणारे, परंतु त्याच हातांनी ते चित्रे काढीत, मूर्ती घडवीत आणि हस्तिदंतावर नक्षी कोरीत. अशा घरात वाढणाऱ्या मुलास कानस कोठे संपते आणि कुंचला कोठे सुरू होतो हे कोणी निराळे सांगत नाही. बाबूरावांचे शाळेतले शिक्षण थोडेच झाले. तैलरंगातील चित्रे आणि शिल्पे ह्यांचे शिक्षण त्यांनी कोणत्याही कलाशाळेत न जाता पाहून, करून आणि पुनःपुन्हा मोडून घेतले.

त्या काळच्या संगीत नाटकात पडद्यास मोठे मोल असे. राजवाडा, अरण्य, नगरातील मार्ग, देवालय अशी एकेका प्रवेशाची जागा कापडावर रंगविलेली असे, आणि दोरी ओढताच एक पडदा गुंडाळून वर जाई व त्यामागचा दुसरा दिसू लागे. पाहणाऱ्यास सपाट कापडावर खोल दालन भासले पाहिजे, दूरचे खांब लहान आणि जवळचे मोठे दिसले पाहिजेत, आणि रात्रीच्या बत्त्यांच्या उजेडात रंग मेलेले दिसता कामा नयेत. आनंदराव आणि बाबूराव ह्यांनी ह्या कामात असे प्रावीण्य मिळविले की, १९१० नंतरच्या काही वर्षांत पश्चिम हिंदुस्थानातील उत्तम पडदे रंगविणारे म्हणून त्यांचे नाव झाले. केशवरावांच्या मंडळीचे अनेक गाजलेले पडदे त्यांचेच. गुजराती आणि पारशी नाटक मंडळ्यांसाठीही त्यांनी काम केले.

इतका मान मिळालेले दोन तरुण चित्रकार आयुष्यभर पडदेच रंगवीत बसले असते तर त्यात नवल नव्हते. परंतु ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके ह्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविण्यात आला, आणि ह्या दोघांच्या डोक्यात एक नवे वेड शिरले. पडद्यावरचे चित्र हलते! वारा सुटला की झाड डोलते, माणूस चालत येतो, पाणी वाहते. ज्याने वर्षानुवर्षे कापडावर न हलणारी झाडे रंगविली त्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल ह्याची कल्पना करून पाहावी.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या वेडाची लागण तुम्हांसही झालेली आम्ही पाहतो. वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एकेक माणूस काढावयाचा, दर पानावर त्याचा पाय थोडा पुढे सरकवावयाचा, आणि मग अंगठ्याने पाने भराभर सोडून त्यास धावावयास लावावयाचे, हा खेळ प्रत्येक इयत्तेत चालतो. गणेशोत्सवात हुबळीस किंवा बेळगावास हलते देखावे पाहण्यासाठी तुम्ही रांगेत उभे राहता, तेव्हा राक्षसाची मान हलली की लहान मुले टाळ्या पिटतात. पण तुमच्यापैकी एखादा मुलगा मात्र वाकून देखाव्याच्या मागे डोकावतो आणि मोटारीस कोणती चकती जोडली आहे ते पाहतो. आनंदराव आणि बाबूराव हे दोघेही ह्या मागे डोकावणाऱ्यांच्या जातीचे होते.

त्यांनी प्रथम स्वतः चित्रपट दाखविण्याचा धंदा करून पाहिला आणि त्याच वेळी स्वतःचा कॅमेरा जुळविण्याचा उद्योग आरंभिला. ह्यात मोठी सोय होती. चित्रपट दाखविणारे यंत्र आणि चित्रपट घेणारे यंत्र ही पोटात बरीचशी सारखीच असतात. एक उजेड बाहेर टाकते, दुसरे आत घेते. पण फीत चालविण्याची रीत दोहोंत एकच. ज्याच्या हाती पहिले यंत्र रोज खेळते, त्यास दुसऱ्याचे अर्धे मर्म सापडलेच.

हे मर्म काय आहे ते सांगितल्याशिवाय ह्या दोन भावांनी किती कठीण काम अंगावर घेतले होते ते कळणार नाही. चित्रपटाची फीत कॅमेऱ्यातून सारखी वाहत जाते असे पुष्कळांस वाटते. तसे नसते. ती सारखी वाहिली तर प्रत्येक चित्र पुसट येईल. फितीने पुढे सरकावयाचे, थांबावयाचे, थांबलेली असताना उजेड घ्यावयाचा, पुन्हा सरकावयाचे, पुन्हा थांबावयाचे. आणि मूकपटाच्या काळी हे एका सेकंदात साधारण सोळा वेळा. फितीच्या दोन्ही कडांस भोके असतात, एका चित्रास एका बाजूस चार. एक आकडा त्या भोकांत शिरतो, फीत बरोबर एक चित्र खाली ओढतो, बाहेर निघतो आणि वर जाऊन पुन्हा शिरतो. फीत सरकत असताना भिंगावर एक फिरती अर्धचकती येऊन अंधार करते आणि फीत थांबली की बाजूस होते. आमच्या विद्यार्थिनींच्या घरी शिवणयंत्र असेल तर त्याचे बारकाईने निरीक्षण करावे. सुई वर असताना कापड पुढे सरकते, सुई खाली जाताच कापड थांबते. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी १८९५ साली आपले यंत्र तयार केले तेव्हा त्यांस शिवणयंत्राच्याच ह्या चालीने वाट दाखविली होती.

आता ही सारी चाल एका हँडलातून यावयाची. हँडल गोल फिरते; आकड्याने मात्र खालीवर आणि पुढेमागे जावयाचे. गोल गतीतून ही सरळ गती काढण्यासाठी आसावर मध्यापासून किंचित बाजूस बसविलेली चकती लागते, आणि ती चकती जर केसभर चुकली तर फितीवरील चित्र केसभर सरकते. केसभर म्हणजे काहीच नाही असे कोणी म्हणेल. परंतु सुमारे एक इंच रुंदीचे ते चित्र बारा फुटी पडद्यावर जाते तेव्हा ती चूकही दीडशे पटींनी वाढते, आणि राजवाड्याचे खांब भूकंप झाल्याप्रमाणे थरथरू लागतात. शिवाय ही सारी पेटी अशी मिटली पाहिजे की उजेडाचा एक किरणही आत जाऊ नये. हे काम कोल्हापुरात, एखाद्या मोठ्या कारखान्याच्या आधारावाचून, आणि तेही पहिले महायुद्ध चालू असताना परदेशी माल दुर्मिळ झालेल्या दिवसांत करावयाचे होते. कच्ची फीत तर परदेशातूनच येई. तिचा एक फूट म्हणजे एका सेकंदाचे चित्र, आणि प्रयोग फसला की तो फूट वाया.

असा उद्योग चालू असतानाच १९१६ साली आनंदराव वारले.

चरित्रकार बहुधा ही गोष्ट एका ओळीत सांगून पुढे जातात. आम्हांस ती तशी सोडवत नाही. दोघांनी मिळून पाहिलेले स्वप्न, दोघांनी मिळून उघडलेले यंत्र, आणि त्यातला एक हात निघून गेला. त्या टेबलावर पसरलेले सुटे भाग पाहून बाबूरावांस काय वाटले असेल? पडद्यांचा धंदा चांगला चालला होता, वय सव्वीस वर्षांचे, कॅमेरा पुरा झाला नाही म्हणून त्यांस कोणी दोष दिला नसता. त्यांनी तो सोडला नाही. विष्णुपंत दामले हे त्यांचे शिष्य आता त्यांच्या जोडीस आले. हे दामले पेणचे, बाबूरावांहून दोन वर्षांनी लहान, आणि यंत्रविद्येत त्यांची बुद्धी विलक्षण चाले. गुरुशिष्यांनी मिळून १९१८ साली चालता कॅमेरा तयार केला. परदेशी कंपनीचा शिक्का नसलेली, कोल्हापुरी हातांनी घडविलेली ती पेटी खरीखुरी चित्रे घेऊ लागली.

ह्या कॅमेऱ्याचे श्रेय सामान्यतः एकट्या बाबूरावांस दिले जाते. आमच्या मते ते तिघांचे आहे, आणि त्यातही जो तो पुरा झालेला पाहावयास उरला नाही त्याचा वाटा विसरता कामा नये.

कॅमेरा झाला, पण चित्रपट काढावयास पैसा लागतो. तो मिळाला तानीबाई कागलकर ह्या कोल्हापूरच्या गायिकेकडून. धनिक सावकारांनी ज्यावर विश्वास ठेवला नसता त्या कामात एका गाणाऱ्या स्त्रीने आपली पुंजी घातली, ही गोष्ट कोल्हापूरच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावी अशी आहे. शाहू छत्रपतींचा आश्रयही लाभला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि तिचा पहिला मोठा चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागला.

‘सैरंध्री’ची कथा कीचकवधाची. ह्याच कथेवरील खाडिलकरांच्या १९०७ च्या नाटकात सरकारास राजद्रोह दिसला होता आणि त्यावर बंदी घालण्यात आली होती, हे जाणते प्रेक्षक विसरले नव्हते. चित्रपटात भीमाने कीचकास मारण्याचा प्रसंग इतका हुबेहूब उतरला की प्रेक्षक भीतीने किंचाळले, आणि पुढे तो भाग कापावा लागला. त्या काळी अशा दृश्यांची युक्ती साधारणतः अशी असे की, नेमक्या क्षणी हँडल थांबवावयाचे, नटास बाजूस घेऊन त्याच्या जागी तसाच घडविलेला पुतळा ठेवावयाचा आणि पुन्हा हँडल फिरवावयाचे. पाहणाऱ्यास मधला खंड कळत नाही. मूर्तिकाराची बोटे आणि यंत्रकाराचा हात एकाच माणसापाशी असले म्हणजे ही युक्ती किती साधते हे निराळे सांगावयास नको. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली असे सांगतात. त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी लोकमान्य निवर्तले.

आणखी एका कारणासाठी ‘सैरंध्री’चे स्मरण ठेवले पाहिजे. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम पुरुषाने केले होते. बाबूरावांच्या चित्रपटात गुलाबबाई आणि अनसूयाबाई ह्या स्त्रियांनी कामे केली. पडद्यावर येणाऱ्या स्त्रीस त्या काळचा समाज कसा वागवी हे लक्षात घेता हे धैर्य लहान नव्हते.

परंतु आम्हांस सर्वांत विस्मयकारक वाटते ती गोष्ट निराळीच आहे. ज्या पडद्यांनी बाबूरावांस नाव दिले, पोट दिले, ‘पेंटर’ ही उपाधी दिली, ते पडदेच त्यांनी आपल्या चित्रपटांतून काढून टाकले. रंगभूमीवर प्रेक्षक आपल्या जागी बसलेला असतो आणि नट पडद्यापासून अंतर राखून उभा राहतो, म्हणून रंगविलेली खोली खरी भासते. कॅमेऱ्यास ही लबाडी खपत नाही. नट चालत मागे गेला की त्याची सावली राजवाड्याच्या खांबांवर पडते आणि ते खांब कापडाचे आहेत हे तत्क्षणी उघडे होते. चित्र हलू लागले की सपाटपणा लपत नाही. हे बाबूरावांच्या चित्रकाराच्या डोळ्यास इतरांआधी दिसले. त्यांनी पडद्याच्या जागी उभे, घडीव देखावे बांधिले. त्यांत माणसास मागे जाता येई, खांबाआड लपता येई. हे काम पुन्हा सुताराचे, गवंड्याचे आणि मूर्तिकाराचे. फत्तेलाल हे कागलचे कलावंत, ज्यांस सारे साहेबमामा म्हणत, ह्या कामी त्यांचे उजवे हात झाले. पेंटरांनी पडदा टाकला आणि मेस्त्रींनी दालन बांधले, असे थोड्या विनोदाने म्हणता येईल.

चित्रीकरणापूर्वी ते पात्रांचे पोशाख, प्रसंगाची मांडणी, कोणी कोठून यावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे सारे कागदावर रेखाटून ठेवीत. आपल्या चित्रपटांची भित्तिचित्रे ते स्वतः रंगवीत, आणि प्रेक्षकांस चित्रपटाची माहिती व छायाचित्रे असलेल्या पुस्तिकाही वाटीत. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये तानाजीच्या रात्रीच्या चढाईसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. तोवर चित्रीकरण म्हटले म्हणजे सूर्याची मर्जी. सूर्य मावळल्यावरही चित्र घेता येते हे त्यांनी दाखवून दिले.

येथे हुबळीचा धागा पुन्हा एकदा हाती येतो. आपल्या शहरातील रेल्वेच्या कारखान्यात एक कोल्हापूरचा मुलगा पोटासाठी काम करीत असे आणि संध्याकाळी येथल्याच एका चित्रपटगृहात दारावर उभा राही. त्या नोकरीत मोबदला जवळजवळ नव्हता, पण चित्रपट पाहावयास मिळत. दिवसा लोखंड आणि रात्री हलती चित्रे असे त्याचे शिक्षण झाले. त्याचे नाव शांताराम राजाराम वणकुद्रे. त्याचे नातलग बाबूराव पेंढारकर हे महाराष्ट्र फिल्म कंपनीत होते. त्यांच्या ओळखीने तो १९२० च्या सुमारास कंपनीत दाखल झाला आणि तेथे पडेल ते काम करीत सारी विद्या शिकला. हेच पुढचे व्ही. शांताराम. आजही हुबळीच्या रेल्वे कारखान्याच्या भोंग्याशी ज्यांच्या घराचा संबंध आहे त्या मुलांस हे ठाऊक असावे म्हणून मुद्दाम लिहितो.

१९२५ साली बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपटे ह्यांची. त्यात देव नव्हते, राक्षस नव्हते, गड नव्हते. सावकाराच्या कर्जात जमीन गमावून गिरणीत मजुरी करावयास शहरात जाणारा एक शेतकरी होता, आणि त्याची भूमिका केली होती शांतारामांनी. लोकांस पुराणकथा आणि चमत्कार हवे असताना असा चित्रपट काढणे व्यवहारी माणसास सुचले नसते. तो पैशाच्या दृष्टीने फारसा चालला नाही, पण जाणकारांनी त्याचे नाव आजतागायत आदराने घेतले आहे. झोपडीपुढे ओरडणाऱ्या कुत्र्याचे एक दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात अनेक वर्षे राहिले. मूकपटात कुत्र्याचे ओरडणे ऐकू येत नाही, तरीही ते ऐकल्यासारखे आठवते. चित्रकाराचे सामर्थ्य ते हेच.

बाबूरावांच्या स्वभावात उणिवा नव्हत्या असे नव्हे. ते काम मनासारखे होईपर्यंत हातावेगळे करीत नसत, आणि धंद्याची घाई त्यांस मानवत नसे. कंपनीतील तरुण मंडळी अधीर होऊ लागली. अखेर दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर असे मोहरे बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी ह्यांच्यासह त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. ज्या दामल्यांबरोबर बसून कॅमेऱ्याची चकती घासली ते गेले, ज्या फत्तेलालांबरोबर दालने बांधिली तेही गेले. शिष्यांचे त्यात काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या अंगी बळ होते, त्यांस मोकळी जागा हवी होती. प्रभातने पुढे जे वैभव पाहिले, दामले आणि फत्तेलाल ह्यांचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ व्हेनिसपर्यंत जाऊन नावाजला गेला, त्या साऱ्याची मुळे बाबूरावांच्या अंगणातली आहेत. तरी ज्याच्या घरातून ती मंडळी गेली त्याचे दुःख काही कमी होत नाही.

त्याच सुमारास बोलपट आला. १९३१ साली पडद्यावरची माणसे बोलू लागली, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी त्याच सुमारास बंद पडली. बाबूरावांस बोलपटाविषयी उत्साह नव्हता. इतकी वर्षे खपून डोळ्यांनी पाहण्याची जी कला आपण उभी केली तिचा आवाजाने नाश होईल असे त्यांस वाटे. ह्यावरून त्यांस मागे पडलेले ठरविणारे लोक आहेत. आम्हांस तसे वाटत नाही. पहिल्या बोलपटांत नटांस ध्वनिग्राहकाजवळ खिळून उभे राहावे लागे, आणि कॅमेऱ्याचा खडखडाट ध्वनीत येऊ नये म्हणून त्यास पेटीत कोंडीत. ज्या गतीसाठी बाबूरावांनी आयुष्य वेचले तीच काही वर्षे जायबंदी झाली. त्यांची भीती सर्वस्वी खोटी नव्हती, मात्र ती टिकाऊ ठरली नाही, इतकेच. पुढे त्यांनी स्वतः बोलपटही केले. कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी १९३५ साली ‘उषा’ आणि १९३७ साली ‘प्रतिभा’. १९३६ साली ‘सावकारी पाश’ पुन्हा, आता बोलणारा. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’च्या दिग्दर्शनात गुरू बाबूराव आणि शिष्य शांताराम ह्यांची नावे एकत्र आली, ह्याचा आम्हांस फार संतोष वाटतो.

आयुष्याच्या उत्तरार्धात ते पुष्कळसे चित्रांकडे आणि शिल्पांकडे वळले. न हलणारी चित्रे, न हलणाऱ्या मूर्ती. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. लोक त्यांस कलामहर्षी म्हणतात, आणि ही पदवी त्यांस शोभते, तरी मेस्त्री ह्या जन्माच्या नावाने त्यांचे अधिक खरे वर्णन होते असे आम्हांस राहून राहून वाटते.

त्यांच्या कामापैकी आज काय उरले आहे, हे जिज्ञासू विद्यार्थी विचारतील. उत्तर सुखाचे नाही. मूकपटांची फीत ज्या द्रव्यापासून बनवीत ते अतिशय ज्वालाग्राही असे. कित्येक फिती जळाल्या, कित्येक उष्म्याने आणि दमटपणाने विरघळल्या, कित्येक त्यांतील रुपे काढण्यासाठी विकल्या गेल्या. ‘सैरंध्री’ आज पाहावयास मिळत नाही, ‘सिंहगड’ नाही, १९२५ चा ‘सावकारी पाश’ नाही. केशवरावांपुढे उभे राहिलेले पडदे तर केव्हाच फाटून गेले. शाहू छत्रपतींनी १९१५ साली बांधविलेले आणि पुढे केशवरावांच्या नावाने ओळखले गेलेले कोल्हापूरचे नाट्यगृहही ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीच्या भक्ष्यस्थानी पडले.

तरी अगदीच काही उरले नाही असे नाही. १९२७ सालचा ‘मुरलीवाला’ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन झाला आहे. आणि कोल्हापुरात खरी कॉर्नर म्हणून जी जागा आहे, तेथे बाबूरावांच्या स्मरणार्थ उभारलेला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. अंबाबाईच्या दर्शनास जाणाऱ्या हुबळी-धारवाडच्या मंडळींनी वाट थोडी वाकडी करून तो अवश्य पाहावा, आणि बरोबरच्या मुलांस शिवणयंत्राची व त्या आकड्याची गोष्ट तेथेच उभ्या उभ्या सांगावी.